दादा तेवढं म्हणू नका!

अहो, दादा म्हणू नका! काय म्हणायचं ते म्हणा. अरे म्हणा, ए कोंड्या म्हणा, या टोपलीवरनं टोपलीवाल्या म्हणा, पण दादा तेवढं म्हणू नका... आता तुमची काय चूक? काय नाय! तुमी परके, पुण्याकडं निघालेले, गाडी घाटाच्या इंजिनासाठी थांबली म्हणून पाय मोकळे करायला खाली उतरलात आणि सरळ मनानं विचारलंत, "दादा, किती वेळ थांबते हो गाडी?" पण बघितलंत ना, ते हमाल कसे फिदीफिदी हसले? तो पाणीवाला तर हातातली कळशी खाली ठेवून हसला! रोजचं हाय हे. अख्ख्या मुलखात दादा हा शब्द मानाचा, आणि या कर्जतच्या ठेसनावर माज्यापुरता तो शिवीसारखा झालाय. का झाला म्हणता? सांगतो, बसा त्या बारदानावर. इंजिन काय इतक्यात येत नाय, तिकडं कोळसा खात उभं असंल.

मी कोंडाजी, राहणार कोंडाणे. म्हणजे कोंडाण्याचा कोंडाजी, बापानं नाव शोधायला लांब जायचा कंटाळा केला. घाटात रुळाच्या कामावर होतो मी. तर मुकादम आला आणि म्हणाला, "समुद्रापल्याड आफ्रिकेत मोंबासा म्हणून गाव हाय, तिथं साहेब रूळ टाकतोय, त्याला घाटात राबलेली माणसं पायजेत." आमी म्हटलं, चला! घाट बघितला, बोगदे बघितले, आता समुद्र बघू. इथवर ठीक होतं हो... पण आमचा मेव्हणा, धाकलू, शेलूचा, बायकोचा पाठचा भाऊ, तो म्हणाला मी पण येतो. झालं! बायको, सुंदरा तिचं नाव, निघताना याच फलाटावर उभी राहून मला काय म्हणाली असंल? जपून जा? पाण्यापावसाचं सांभाळा? अहो, नाव नाय! म्हणाली, "माजा भाऊ परत आणा. एकटे आलात तर याच ठेसनावरनं मागल्या पावली फिरा." म्हणजे मी गेलो काय, राहिलो काय, भाऊ पायजे!

आणि आमच्या सासूबाई, बायजा, त्यांनी काय दिलं बरोबर? उपदेश! बाकीच्यांच्या सासवांनी चिवडा दिला, लाडू दिले, आमच्या सासूबाईंनी उपदेश दिला. "जावईबापू, परका मुलूख हाय. तिथं आपलं घर नाय, शेत नाय, पण तोंड हाय ना? मोठा माणूस दिसला, मामा म्हणा. बरोबरीचा दिसला, दादा म्हणा. कुटं उपाशी राहायचे नाय. नातं जोडायला आपलं काय जातं?" आता हे खोटं हाय का? नाय! खालापूरच्या बाजारात मी आजवर मामा म्हटल्याशिवाय कधी वांगं घेतलेलं नाय. मामा म्हटलं की माणूस वर दोन मिरच्या टाकतो. नातं जोडायला आपलं काय जातं? हे वाक्य मी गाठीला बांधलं आणि बोटीत बसलो.

बोटीचं काय सांगू... ते जाऊ दे. बोटीत जे पोटात होतं ते पोटात राहिलं नाय एवढंच सांगतो, गाडी सुटंल नायतर.

तर मोंबाशाला आमची छावणी पडली, काम सुरू झालं, आणि आमचे धाकलोबा तापानं पडले. ताप तसा उतरला हो, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भात दिला, नको. डाळ दिली, नको. बापडा बसलाय आपला भिंतीला टेकून, गालफडं आत, डोळे तिसरीकडं, आणि एकच धोशा, "भावजी, सुकट भाजून द्या. भावजी, आईच्या हातचं सुकट." अरे बाबा, आईचा हात मी कुटनं आणू? दुसऱ्या कशाला तोंडच लावीना. छावणीतला दवाखान्याचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, औषध झालं, आता यानं खाल्लं तर जगंल. तुमाला सांगतो, मला दोन घोर लागले. एक तर पोर गुणी, माज्या अंगाखांद्यावर खेळलेलं. आणि दुसरं, डोळे मिटले की मला हा फलाट दिसायचा, आणि फलाटावर सुंदरा!

म्हणून निघालो बाजाराला. एकटा. सुकट आणायला.

बाजार म्हणाल तर तसा आपल्यासारखाच. झावळ्यांची छपरं, खाली पाटीवाल्या बाया, गलका, माशा. पण माल? अहो, केळी बघितली, हाताएवढी! मी म्हटलं, हे खायचं का मारायचं? एक कंद बघितला, मोगो म्हणतात त्याला, सालीसकट कुदळीच्या दांड्यासारखा दिसतो. नारळांचे तर ढीग, लवंगांची पोती, आणि आंबे! पौषात आंबे! आपल्याकडं पौषात आंब्याला मोहोर धरताना मारामार, आणि इथं बाया पिकलेले आंबे रचून बसल्यात. मी उभाच राहिलो. देवानं एका मुलखाला पौषात आंबे दिले आणि आमाला पौषात काय दिलं? वाल!

तेवढ्यात मागून एक माणूस पखाल घेऊन धावत आला, आणि ओरडतोय काय? "माजी! माजी! माजी!" मी दचकलो. तुजी? काय तुजी? मी कशाला हात लावलाय तुज्या? मी आपला दोन्ही हात वर करून बाजूला झालो, म्हटलं, तुजी तर तुजी बाबा, घेऊन जा. तर तो माज्यासमोर थांबून पुन्हा, "माजी?" आता विचारतोय! म्हणजे मगाशी खात्री होती, आता त्याची त्यालाच शंका! मी म्हटलं, होय रं, तुजीच. आणि पुढं सटकलो. असल्या भांडकुदळ माणसाच्या नादाला कोण लागतो?

पुढं मासळीची आळी लागली. वासानंच कळलं, पत्ता विचारायला नको. तिथं एक आडदांड माणूस बसलेला, मिशा अशा, छाती अशी, बघूनच वाटलं, हा वयानं मोठा, मानाचा माणूस. सासूबाई आठवल्या. नातं जोडायला आपलं काय जातं? पुढं झालो, वाकून हात जोडले आणि गोड आवाजात म्हटलं, "मामा! ओ मामा! सुकट हाय का, मामा?"

अख्खी आळी माज्याकडं वळली.

त्या माणसानं मागं बघितलं. मागं कुणी नाय. मग त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "मामा?" मी म्हटलं, होय तर, तुमीच मामा! अहो, पुढं जे हसू फुटलं... बाया पाटीवर पडल्या हसून. एक जण येऊन त्या मिशीवाल्याच्या गालावरनं हात फिरवून गेला, "मामाऽऽ!" मला वाटलं, चला, जमलं, खुशीत आलेत लोक. आणि तो मिशीवाला काय करतो? हसत हसत उठला, माज्याकडं वाकला आणि तोंड माज्या तोंडाशी आणून म्हणाला, "पापा? पापा?"

हसताय? तुमच्याजवळ आला असता म्हणजे कळलं असतं! आपल्याकडं पापा कुणाचा घेतात? तान्ह्या पोराचा! एवढा मिशीवाला गडी, ओळख ना पाळख, भरबाजारात, दिवसाढवळ्या... मी गालावर हात ठेवला आणि जो पळालो, तो मागनं "पापा! पापा!" करतोय आणि हातात काळं फळकुट नाचवतोय, आणि मी पुढं. म्हटलं, मामा म्हटल्यावर एवढी माया? आमच्या सख्ख्या मामानं माजा कधी पापा घेतला नाय!

पळता पळता आदळलो कुणावर? एका अरबावर. उंचापुरा, दाढी पोटापर्यंत, कमरेला वाकडी सुरी, चांदीच्या मुठीची. मी म्हटलं, आता मामा म्हणायचं नाय, त्यात धोका हाय, आता दुसरं नातं. हात जोडले, म्हटलं, "चुकलं दादा! माफी करा दादा! घाईत होतो दादा!" तीनदा म्हटलं. तिसऱ्या दादाला त्याचा हात सुरीच्या मुठीवर गेला.

मी डोळे मिटले. मला फलाट दिसला. सुंदरा दिसली. पण या वेळी वाटलं, निदान मी पण परत जाणार नाय, म्हणजे बोलणी खायला नकोत.

तेवढ्यात बाजूच्या दुकानातनं एक कच्छी शेठ धावत आला, कापडाचा व्यापारी, वालजीशेठ म्हणून. त्यानं त्या दाढीवाल्याला काहीतरी सांगितलं, माज्याकडं बोट दाखवून डोक्याशी गोल गोल हात फिरवला, तेव्हा कुटं तो गेला. मग शेठ मला धरून ओट्यावर बसवून म्हणाला, "अरे भाई, मरने आया है क्या? इतनी बड़ी दाढ़ी को तू बहन बोला!" मी म्हटलं, बहन कुटं? मी दादा म्हटलं! "वही तो! इधर की बोली में दादा मतलब बहन!" मी त्या दाढीला, त्या सुरीला, भरबाजारात ताई म्हणालो! चुकलं ताई, माफी करा ताई, घाईत होतो ताई! मग मी हळूच विचारलं, शेठ, आणि मामा? शेठनं कपाळावर हात मारून घेतला. "मामा मतलब माँ!" म्हणजे त्या मिशीवाल्याला मी... आणि मग पापा? "पापा एक बड़ी मछली है, वो बेच रहा था!" आणि तो माजी माजी? "माजी मतलब पानी!" बघा! तो पाणीवाला मला पाणी देत होता आणि मी त्याच्या मालकीचा निवाडा करत होतो!

मी म्हटलं, शेठ, तुमी देवासारखे भेटलात, आता असेच चला माज्याबरोबर, मला जरा सुकट घेऊन द्या. तर शेठनं उपरण्याचा पदर नाकाला लावला. "राम राम राम! मच्छी का नाम मत ले मेरे ओटे पर! उतर नीचे!" पक्का वैष्णव माणूस. बहीण-भाऊ, आई-बाप सगळं समजावून सांगितलं, पण मासळीच्या आळीत पाऊल टाकीना.

म्हणून पुन्हा एकटाच गेलो. या खेपेला ठरवलं, नातंच जोडायचं नाय. तोंड बंद. बोटानं दाखवायचं, घ्यायचं, पळायचं. मिशीवाल्याला चुकवून आळीच्या पार शेवटाला गेलो, आणि काय बघतो? एक म्हातारी, फुलाफुलांचं कापड अंगाला गुंडाळलेलं, कपाळाला आठ्या थेट आमच्या सासूबाईंच्या, आणि पुढ्यात सुपात बारीक बारीक सुकी चांदीसारखी मासळी! आपल्या मांदेलीची धाकटी बहीण म्हणा. वास तोच! मी देवाचं नाव घेतलं आणि बोट दाखवलं. म्हातारी माज्याकडं बघून मोठ्यांदा म्हणाली, "दगा!"

मी मागं वळून बघितलं. मागं सुरीवाला आला की काय? कुणी नाय. पुन्हा बोट दाखवलं. म्हातारीनं सूप हलवलं, "दगा! दगा!"

आता तुमीच सांगा, काय समजायचं माणसानं? आपल्या खालापूरच्या बाजारात सडका माल असला तरी 'देवाशपथ, कालचाच हाय' म्हणतात. आणि ही बाई मालावर हात ठेवून ओरडतेय, दगा! एवढी सचोटी? पण मला सुचेना हो. माल दग्याचा असंल, किडका असंल, विषारी असंल, आणि धाकलूनं खाल्ला आणि काय झालं तर? पोराला खाऊ घालायला आलोय का मारायला? आणि घेतलं नाय तर छावणीत तो भिंतीला टेकून तसाच बसलाय, डोळे दाराकडं लावून. घेऊ का नको? एकदा सुपाकडं हात नेला, एकदा मागं घेतला.

म्हातारीला माजी दया आली असंल. हातानं विचारलं, काय झालं? आता बोलू कसं? म्हणून मी तिथंच, मासळीच्या चिखलात, आडवा झालो. दात वाजवून दाखवले, म्हणजे ताप. जीभ बाहेर काढून मान हलवली, म्हणजे चव नाय. गालफडं आत ओढली, म्हणजे धाकलू. म्हातारीनं दोन्ही हात छातीशी नेले आणि काय म्हणाली माहितेय? "पोले! पोले सणा!"

मी टाणकन उठून बसलो. पोले! अहो, आपले पोळे! तांदळाच्या पिठाचे, तव्यावरचे! आपण पोळे म्हणतो, पण पनवेल-उरणकडं खाडीवरच्या बाया पोलेच म्हणतात! मला वाटलं, देवा, ही म्हातारी आपल्या खाडीकडचीच, कधीतरी बोटीनं इकडं आलेली! आणि म्हणतेय कशी, पोले सणा, म्हणजे सणाला करतात ते पोले! मी म्हटलं, आये, सण नसला तरी घाल गं, मी पीठ आणून देतो! आणि तवा कसा तापतो, पीठ कसं ओतायचं, चर्र कसं होतं, सगळं हातानं दाखवलं. ती माज्या डोक्यावरनं हात फिरवत पुन्हा, "पोले... पोले..." मी म्हटलं, डोक्यावर हात नको, तव्यावर पीठ घाल बाये! मागाहून शेठनं सांगितलं, पोले म्हणजे 'वाईट झालं रं बाबा'. ती बिचारी माजं सांत्वन करतेय आणि मी तिच्यापुढं घावन पसरतोय!

आणि मग मला रडूच फुटलं. खरंच फुटलं. म्हटलं, म्हातारे, तो पोरगा मेला तर मी काय तोंड दाखवू? "माजी बायको मला दारात उभं करायची नाय!" तर म्हातारीनं पटकन करवंटीत पाणी दिलं. प्यालो. म्हटलं, "माजी सासू..." पुन्हा पाणी! प्यालो. "माजी अब्रू..." तिसरी करवंटी! तेव्हा डोक्यात उजेड पडला. माजी म्हणजे पाणी! आणि त्या उजेडात दुसरं आठवलं... मामा म्हणजे आई.

मी हात जोडले. आजूबाजूच्या बाया बघतच होत्या. मी म्हटलं, "मामा."

हसलं नाय कुणी. म्हातारीच्या कपाळाच्या आठ्या तेवढ्या मोडल्या. तिनं केळीच्या पानात ओंजळभर मासळी बांधली, वर दोन लिंबं, लाल मिरच्या, शेजारणीकडनं एक आंबा. मी नाण्यांची मूठ तिच्यापुढं उघडली, म्हटलं, काय घ्यायचं ते घे. तिनं एक बारकं नाणं उचललं आणि माजी बोटं आपल्या हातानं पुन्हा मिटली. मी म्हटलं, दगा तर दगा. आईनं दिलाय, खायचा. वाटेत शेठला लांबनंच विचारलं, शेठ, दगा म्हणजे हो? शेठ नाक धरून किंचाळला, "अरे, वही सूखी मछली! दूर रख!"

छावणीत आलो, निखाऱ्यावर मासळी टाकली. धूर दाराशी गेला न गेला, भिंतीचा टेकू सुटला आणि आवाज आला, "भावजी... आई आलीया काय?" भाताबरोबर चोळून, मिरची लावून, लिंबू पिळून दिलं, आणि पोरगा जेवला हो! पान चाटलं त्यानं. मला पुन्हा रडू आलं. आणि तो घास घेता घेता थांबायला लागला की मी त्याला बाजारातली एकेक गंमत सांगायचा, त्यानं हसावं, हसत आणखी एक घास घ्यावा म्हणून. मामा सांगितलं, पापा सांगितला, दाढीवाली ताई सांगितली. हसला, हसला, ठसका लागेस्तोवर हसला. मला काय ठाऊक, पोरगा नुसता जेवत नव्हता, सगळं ध्यानात ठेवत होता!

तर कामाची मुदत संपली, परत आलो. याच फलाटावर उतरलो. सुंदरा धावली ती भावाच्या गळ्यात. सासूबाई धावल्या त्या लेकाच्या गळ्यात. मी ट्रंक सांभाळत उभा. पण म्हटलं, असू दे, भाऊ परत आणलाय, फलाट पार करायला हरकत नाय. तेवढ्यात हमालांनी विचारलं, "काय कोंडाजीदादा, कसा काय मुलूख?" आणि आमचे धाकलोबा, ज्याच्यासाठी मी चिखलात लोळलो, ज्याला त्या माउलीचं अन्न भरवलं, ते पायरीवर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणतात कसे? "दादा म्हणू नका रं त्यांना! तिकडं दादा म्हणजे ताई!" आणि मग सगळं, पहिल्यापासून, माज्या आवाजात! सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. ज्यांचा उपदेश, त्या हसल्या!

तुमीच बघा आता. त्या परक्या म्हातारीनं मला दगा दिला, तर त्यानं माणूस जगला. आणि तो जगलेला माणूस घरी येऊन मला देतो काय? दगा! पण हा आपला मराठीतला!

हां, लागलं बघा इंजिन. चढा, चढा, राहाल नायतर. आणि ध्यानात ठेवा, वाटेत कुणाला... काय म्हणालात? "येतो, मामा"? अहो, आत्ताच तर सगळं सांगितलं! दादा नको म्हटलं तर मामा? ऐकलंत, तो पाणीवाला पुन्हा हसला... जाऊ दे. म्हणा हो, म्हणा. नातं जोडायला तुमचं काय जातं? जातं ते माजं!